शोकाला शरीर असतं

"ही विकृती आहे. याला दुसरा शब्द नाही."

कॅनेडियन दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्गचा 'द श्राउड्स' संपला, दिवे लागले आणि आमच्या चित्रपट मंडळातले एक ज्येष्ठ स्नेही एवढंच बोलून उठले. चाळीस वर्षं जगभरचे चित्रपट पाहिलेला हा माणूस. त्यांच्याकडून मी खूप शिकले आहे. चार दिवसांनी त्यांचं दोन पानी पत्र आलं. त्यात राग नव्हता, दुःख होतं, आणि आक्षेप नीट मांडलेले होते. मेलेल्या बायकोचं शरीर कुजताना बघत बसणं हा शोक नव्हे, रोग आहे. चित्रपट थंड आहे, त्यात कुणी धड रडतही नाही. शोकासारख्या पवित्र गोष्टीला भयपटाच्या पंगतीला बसवणं हाच मुळात अपमान आहे. आणि शेवटी, आपली संस्कृती देहाच्या पलीकडे बघायला शिकवते, हे पाश्चात्त्यांचं मढ्याचं वेड आपल्याला कशाला?

हे उत्तर मी त्यांना विचारून जाहीरपणे लिहिते आहे, कारण असं वाटणारे ते एकटे नाहीत.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोरांटोतल्या कार्श नावाच्या उद्योजकाची बायको, बेका, कर्करोगाने जाऊन चार वर्षं झाली आहेत. त्याने एक नव्या प्रकारची दफनभूमी उभारली आहे. मृताला तिथे एका खास प्रेतवस्त्रात गुंडाळतात. त्या वस्त्रात बसवलेली यंत्रणा आतल्या देहाची चित्रं सतत पाठवत राहते, ती थडग्याच्या दगडावरच्या पडद्यावर आणि नातेवाइकांच्या फोनवर दिसतात. बेकाही तिथेच पुरलेली आहे. कार्श तिला रोज बघतो. तिच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखून ठेवली आहे. सुरुवातीलाच दातांचा डॉक्टर त्याला सांगतो की शोकामुळे तुमचे दात किडताहेत. हे वाक्य ऐकून आमच्याकडे काही जण हसले. मला हसू आलं नाही.

क्रोनेनबर्गची पत्नी कॅरोलिन २०१७ साली कर्करोगाने गेली. १९७९ पासूनचा संसार, म्हणजे अडतीस वर्षं. हा चित्रपट २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला तेव्हा दिग्दर्शक एक्क्याऐंशी वर्षांचा होता. कार्शची भूमिका करणाऱ्या व्हँसाँ कॅसलचे पांढरे, मागे वळवलेले केस पाहिले तरी हा कुणाचा चेहरा आहे ते कळतं. बायकोच्या शवपेटीत तिच्यासोबत शिरावं अशी अनावर इच्छा दफनाच्या वेळी झाली, असं कार्श सांगतो. क्रोनेनबर्गने ही इच्छा मुलाखतींत स्वतःची म्हणूनही सांगितली आहे.

यात विकृती कुठे आहे ते मी शोधायचा प्रयत्न केला, आणि शोधता शोधता स्वतःच्या घरात आले.

माझा नवरा चौदा महिने अंथरुणावर होता. या चौदा महिन्यांत मी त्याच्या देहाला जेवढी ओळखायला लागले तेवढी आधीच्या तीस वर्षांत ओळखत नव्हते. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. पाठीची जखम सलाइनने धुवायची. ओल्या कापसाने ओठ पुसायचे. नखं कापायची, कारण झोपेत तो स्वतःला ओरबाडायचा. माकडहाडापाशी जखम इतकी खोल गेली होती की आतलं हाड दिसायचं. ते मी रोज दोनदा पाहिलं. तो पहाटे चारला गेला आणि अकराच्या आत विद्युतदाहिनीत नेला गेला. निघताना घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला दारातच थांबवलं. "तू येऊ नकोस, तुला बघवणार नाही," म्हणाले. त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. मी थांबले. माणसं निघून गेल्यावर आतल्या खोलीत गेले, तर त्याच्या हवेच्या गादीचा पंप अजून चालू होता. रिकाम्या गादीत हवा भरत होता.

मला बघवणार नाही! हाड बघवलं होतं, मग काय बघवणार नव्हतं? खरं तर मला बघायचंच होतं. ज्याची एकेक इंच कातडी मी चौदा महिने सांभाळली, ती कुठे गेली, कशी गेली, हे जाणून घेण्याचा माझा हक्क सात तासांच्या आत संपला. पुढे कितीतरी दिवस दर दोन तासांनी जाग यायची आणि हात आपोआप पलीकडे जायचा. मनाला तो गेल्याचं कळलं होतं. हातांना ते कळायला फार वेळ लागला. कार्शने जे यंत्र बांधलं ते मला बांधता आलं असतं तर बांधलं असतं का? पहिल्या महिन्यात, हो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण जुनी वस्त्रं टाकण्याचा गीतेतला दृष्टान्त सांगायचा. दृष्टान्त थोर आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो जाणाऱ्याच्या बाजूने सांगितलेला आहे. मागे राहणाऱ्याची सगळी ओळख त्या वस्त्राशीच असते. मी त्याच्या आत्म्याला कधी आंघोळ घातली नव्हती.

आता 'आपल्या संस्कृती'कडे वळते, कारण स्नेह्यांचा हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. देहाच्या पलीकडे बघायला शिकवणारी म्हणून ज्या परंपरेचा दाखला ते देतात, त्याच परंपरेत मृत पत्नीचं प्रेत खांद्यावर टाकून वेड्यासारखा त्रिभुवन हिंडणारा शंकर आहे. सती गेली. तो तिला खाली ठेवायला तयार नाही. कुणाच्या समजुतीने तो शांत होत नाही. अखेर विष्णू सुदर्शन चक्राने त्या देहाचे तुकडे करतो आणि ते जिथे जिथे पडले तिथे तिथे शक्तिपीठं होतात. आपली कोल्हापूरची अंबाबाई या पीठांतच गणली जाते. नवरात्रात रांगा लावून आपण जिथे माथा टेकतो त्या जागेची कथा एका नवऱ्याच्या शोकाची आहे. बायकोचं प्रेत न सोडणाऱ्या नवऱ्याच्या शोकाची. त्या शंकराला विकृत म्हणायची आपली छाती होणार नाही.

आणि 'द श्राउड्स'मधला सर्वांत जीवघेणा भाग याच जातीचा आहे. कार्शला स्वप्नं पडतात. त्या स्वप्नांत बेका इस्पितळातून रात्री परत येते, उघड्या अंगाने दारात उभी राहते. दर वेळी तिच्या शरीराचा काहीतरी भाग शस्त्रक्रियेत गेलेला असतो. एकदा स्तन. मग हात. जखमांवर टाके आहेत, आणि ती शांतपणे, संकोचाने विचारते की मी अजून तुला हवीशी वाटते का. तो जवळ घेतो, आणि मिठीत तिचं कमरेचं हाड मोडल्याचा आवाज येतो. डायन क्रूगरने हे प्रसंग इतक्या साधेपणाने केले आहेत की किळस यायला जागाच उरत नाही. चक्र इथे शल्यविशारदाच्या हातात आहे, एवढाच फरक. अवयव एकेक करून जातो आहे आणि नवरा उरलेलं धरून बसला आहे.

दहाव्या दिवसाचंच बघा. दहा दिवस रोज एक पिंड द्यायचा तो कशासाठी? गरुडपुराणाचा हिशेब असा की रोजच्या पिंडातून प्रेताला एकेक अवयव मिळत जातो आणि दहा दिवसांत त्याचं नवं शरीर पुरं होतं. म्हणजे जाळून टाकलेला देह आपण भाताच्या गोळ्यांनी पुन्हा रचतो. मग कावळा शिवायची वाट बघत उन्हात उभे राहतो, कारण गेलेल्याला काहीतरी खावंसं वाटतंय याची खूण हवी असते. भूक लागायला पोट लागतं. देहाच्या पलीकडे गेलेल्यांचा हा विधी नाही. ज्यांनी तो घडवला त्यांना शोकाचं मर्म आपल्यापेक्षा जास्त कळलेलं होतं.

मुंबईची एक हकीकत स्नेह्यांना आठवत असेल. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज शतकानुशतकं आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करत आला. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडं मेली. हे कारण २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, आणि २००६ साली भारत सरकारने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. त्याच २००६ साली आई गमावलेल्या एका पारशी बाईंनी डुंगरवाडीतले, गिधाडांअभावी न संपलेल्या देहांचे फोटो समाजात वाटले. केवढा गहजब झाला! पावित्र्यभंग केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण त्यांना मुळात जाणून काय घ्यायचं होतं? माझ्या आईचं पुढे काय झालं? एवढंच. आणि त्या फोटोंनी जी चर्चा पेटली ती पुन्हा विझली नाही. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत पारशांना प्रार्थना करता येईल असं सभागृह उभं राहिलं, त्यामागे या अस्वस्थतेचा मोठा वाटा आहे असं मी मानते. कुणीतरी बघायचं धाडस केलं नसतं तर सगळे भिंतीच्या अलीकडे समाधानात राहिले असते.

कार्शचा पडदा ही कल्पना आहे आणि डुंगरवाडीचे फोटो खरे आहेत. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. बघू द्या, असं मागणारं माणूस रोगी ठरतं, आणि बघू नका म्हणणारे निरोगी, ही वाटणी कुणी केली?

थंडपणाच्या आक्षेपाकडे येते. खरं आहे, या चित्रपटात हुंदके फार कमी आहेत. कार्श शोकाबद्दल बोलतो ते एखादा माणूस घराच्या दुरुस्तीबद्दल बोलेल तशा आवाजात. एका बाईंना तो पहिल्याच भेटीत जेवायला नेतो, तेही दफनभूमीला लागून असलेल्या स्वतःच्याच उपाहारगृहात, आणि मग बेकाची चित्रं दाखवतो. त्या बाई अर्थातच पुन्हा येत नाहीत. पण शोकात बुडालेली माणसं खरोखर कशी बोलतात हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हा आवाज ओळखू येईल. पहिल्या तेरा दिवसांत मी किती रडले ते मला आठवत नाही. डॉक्टरांनी औषधाची मात्रा केव्हा वाढवली, गादीचं भाडं किती झालं, मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती लागतात, हे मात्र मी येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगत होते. आवाज सपाट होता. "सावरलीस गं छान," असं म्हणून बायका जायच्या. क्रोनेनबर्गने तो सपाट आवाज पकडला आहे, आणि प्रेक्षक त्यालाच थंडपणा म्हणतात.

दुसरं, तो आपल्याला बरं करायला नाकारतो. कला हा स्वतःसाठी उपचार नाही आणि शोक कायमचा असतो, असं त्याने स्पष्ट म्हटलेलं आहे. आपल्याला सवय आहे ती शेवटी अश्रू ढाळून हलकं होण्याची. मलाही ते आवडतं. 'आनंद' मी कितीदा पाहिला असेन आणि दर वेळी रडले. पण आतड्याच्या कर्करोगाने मरणारा तो आनंद शेवटच्या दिवसांपर्यंत किती धडधाकट दिसतो हे कधी लक्षात आलं आहे? १९७१ साली तो आपल्याला मरण दाखवून गेला, पण आजार दाखवला नाही. त्याच्या जाण्याचं दुःख आपण केलं, त्याच्या देहाचं करायची वेळच आली नाही. पुढे पन्नास वर्षं पडद्यावरचे आपले बहुतेक रुग्ण असेच सुंदर मेले. मग ज्या घरांत माणसं असुंदर मरतात, वास येत मरतात, त्या घरातल्यांनी आपलं दुःख कुठे बघायचं?

स्नेह्यांनी पत्रात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'चं उदाहरण दिलं आहे. संयमाने, माणुसकीने, भयाचा आधार न घेता हे दाखवता येतं, असं त्यांचं म्हणणं. 'अस्तु' माझाही लाडका चित्रपट आहे. मोहन आगाशे यांनी उभा केलेला, स्मृती गेलेला संस्कृतचा तो पंडित हत्तीमागे चालत जातो ते दृश्य विसरता येत नाही. पण त्या आजारात माणूस जातो आणि शरीर मागे राहतं. कर्करोगात बहुधा उलटं होतं. माणूस पुरा शाबूत असतो, आपल्याकडे बघत असतो, आणि शरीर तुकड्यातुकड्याने जात असतं. या दोन दुःखांना एकच रूप पुरणार नाही. दुसऱ्या दुःखात भय मुळातच आहे. प्रिय माणसाचा ओळखीचा देह डोळ्यांदेखत अनोळखी होत जाणं, यालाच भय म्हणतात. दिग्दर्शकाने ते बाहेरून आणून लावलेलं नाही.

क्रोनेनबर्ग हे पन्नास वर्षं सांगत आला आहे आणि पन्नास वर्षं त्याला हेच ऐकावं लागलं आहे. १९७५ साली त्याच्या 'शिव्हर्स'ला कॅनडाच्या सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा मिळाला होता. रॉबर्ट फुलफर्ड या नामवंत पत्रकाराने टोपणनावाने लेख लिहून, करदात्यांनो, हा किती वाईट चित्रपट आहे ते तुम्हाला कळायला हवं कारण पैसा तुमचा आहे, अशा अर्थाची हाकाटी केली. प्रकरण संसदेपर्यंत गेलं. राहतं घर सोडावं लागलं, असं क्रोनेनबर्ग सांगतो. 'शिव्हर्स'ने पैसे मात्र परत मिळवून दिले. १९९६ च्या 'क्रॅश'ला कानमध्ये विशेष पुरस्कार मिळाला आणि त्याच 'क्रॅश'वर लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात बंदी आली. 'विकृत' हा शब्द त्याच्यासाठी नवा नाही. तो टोरांटोतच राहिला, आपल्याच माणसांबरोबर काम करत राहिला. हॉवर्ड शोअर १९७९ पासून, एखादा अपवाद सोडला तर, त्याच्या प्रत्येक चित्रपटाला संगीत देतो आहे. 'द श्राउड्स' आधी नेटफ्लिक्ससाठी मालिका म्हणून लिहायला घेतला होता. त्यांनी पुढे हात काढून घेतला, तेव्हा त्याने त्याचा चित्रपट केला.

१९७९ चाच 'द ब्रूड'. पहिल्या लग्नाचा घटस्फोट आणि मुलीच्या ताब्यावरून झालेलं भांडण यांतून तो निघाला. त्यात एका बाईचा दाबलेला संताप तिच्या शरीराबाहेर जिवंत पोरांच्या रूपाने जन्म घेतो. पोटात राग धरला, असं आपण सहज म्हणतो. त्याने ते अक्षरशः दाखवलं. त्या बाईकडे त्याचं बघणं मला आजही निष्ठुर वाटतं, हे कबूल करते. तिच्या बाजूने तो चित्रपट कधीच उभा राहत नाही.

'द श्राउड्स'मध्येही दोष आहेत. थडग्यांची तोडफोड होते, मग रशियन, चिनी, डॉक्टरांचे गुप्त प्रयोग, साडूचं कारस्थान असे धागे एकात एक गुंतत जातात आणि त्यातला एकही धड सुटत नाही. उत्तरार्धात मी दोनदा घड्याळ बघितलं. इथे स्नेह्यांची तक्रार रास्त आहे. फक्त एवढं सांगते, नवरा गेल्यावर वर्षभर मी सगळे रिपोर्ट तारीखवार लावून बसत होते. कुणी काय चुकवलं? दुसरं मत दोन महिने आधी घेतलं असतं तर? कुणीतरी जबाबदार असायलाच हवं होतं, कारण कुणीच नाही हे सहन होत नव्हतं. कार्शची कारस्थानं मला त्या फायलींसारखी वाटली. कंटाळवाणी आणि न संपणारी.

माझ्या मते त्याचं सर्वांत थोर काम १९८६ चा 'द फ्लाय' आहे, आणि स्नेह्यांनी तो कॉलेजच्या वयात गंमत म्हणून पाहिला असावा अशी मला शंका आहे. यंत्रातल्या अपघाताने एका शास्त्रज्ञाच्या शरीरात माशी मिसळते आणि तो हळूहळू गळून पडू लागतो. नखं, दात. गळून पडलेले अवयव तो औषधांच्या कपाटात जपून ठेवतो. रंगभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं, म्हणून लोक त्यातला राक्षस लक्षात ठेवतात. मला त्यात राक्षस दिसत नाही. प्रेमात पडलेली दोन माणसं दिसतात, आणि त्यांतल्या एकाला असाध्य आजार झालेला दिसतो.

तेव्हा स्नेह्यांना, आणि 'विकृती' म्हणून उठून गेलेल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. 'द श्राउड्स' पुन्हा बघू नका हवं तर. 'द फ्लाय' बघा. त्यात ती त्याला भेटायला येते, तो काठ्यांवर रेलून उभा असतो, बोलता बोलता त्याचा कान त्याच्याच हातात गळून येतो आणि तो भेदरून तिच्याकडे बघतो. त्या क्षणी डोळे मिटू नका. ती पुढे होऊन त्याला मिठी मारते, त्याच बाजूला गाल टेकवून. तेवढं बघा, आणि मग मला पुन्हा पत्र लिहा.